सेल्फ खोलण्याआधी कान लाव

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवून ओसरीवर बसलो होतो. ‘मामा, इंजिन बसलं, सगळं जोडून झालं, पण सेल्फ घेत नाही. उद्या सकाळी खोलून वाइंडिंगवाल्याकडे टाकतो,’ असं तू एका दमात सांगितलंस. मी तुला फोन बॉनेटखाली धरायला लावला आणि पायातलं स्टार्टरचं बटण एकदाच दाबायला सांगितलं. तो आवाज ऐकून मी एवढंच म्हणालो की सेल्फला हात लावू नकोस, सकाळी सविस्तर लिहून पाठवतो. फोनवर ऐकलेलं गाडीखाली आडवं झाल्यावर आठवत नाही. कागद खिशात राहतो.

आधी हे लक्षात घे. हाच सेल्फ परवा तू गॅरेजच्या फरशीवर पायाने दाबून धरला होतास, बॅटरी लावली होतीस आणि त्याने पिनियन बाहेर फेकून गरकन फिरून दाखवलं होतं. म्हणजे सेल्फ शाबूत आहे. फरशीवर चालणारा सेल्फ गाडीवर चढवल्याबरोबर मरत नाही. जिप पेट्रोलची, तिचा चासी आणि वायरिंग त्या काळाचं. इंजिन वडापच्या गाडीतून उतरवलेलं डीआय, 2523 सीसीचं. गिअरबॉक्स जुना, मधली अ‍ॅडॉप्टर प्लेट लेथवाल्याकडून करून आणलेली. यांतला प्रत्येक भाग आपापल्या गाडीत बरोबर होता. बिघाड असेल तर तो यांच्या सांध्यांत असेल, आणि ते सगळे सांधे तुझ्या हाताने झालेत. म्हणून शोध तिथून सुरू कर. जिथे जिथे पाना लागला, वायर सुटली, काही चढवलं, काही वगळलं, ते आठवून लिहून काढ. माझे वस्ताद नवीन पोराला इंजिन उतरवताना हातात पाना देण्याआधी खडू द्यायचे. सुटलेली प्रत्येक वायर, प्रत्येक पत्रा आणि वायसर भिंतीवर नोंदवायचा. गाडी पुन्हा उभी राहिली की भिंत वाचायची. ज्या वस्तूपुढे खूण झाली नाही, ती बहुतेक वेळा टेबलाखाली सापडायची.

आता आवाजाचं. सेल्फ न घेण्याचे पाच आवाज आहेत आणि पाचांची घरं वेगळी.

काहीच आवाज नाही, तर हुकूमच पोचत नाही. बटण, किल्ली, बारीक वायर, एखादं लग सुटलेलं. हे सगळ्यांत सोपं.

एकच ‘टक्’, आणि पुढे शांत. सोलेनॉइडने दांडा ओढला, पण मोटर फिरली नाही. इथे मोठी केबल, अर्थिंग, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट, झिजलेले कार्बन, किंवा इंजिनच जाम, यांपैकी काहीतरी. इंजिन जाम आहे का हे बटण दाबण्याआधीच कळायला हवं. क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना लावून दोन पूर्ण फेरे हाताने मार. क्लच प्लेट उलटी बसली असेल, बेल हाउसिंगचा बोल्ट लांब होऊन फ्लायव्हीलला टेकत असेल, नाहीतर सिलिंडरमध्ये डिझेल किंवा पाणी साचलं असेल, तर पाना तुला लगेच सांगेल. पाणी साचलेल्या सिलिंडरवर सेल्फ मारशील तर कनेक्टिंग रॉड वाकेल. तो खर्च सेल्फच्या कितीतरी पट आहे.

‘टकटकटकटक’ असा सुतारपक्ष्यासारखा आवाज आला तर तो विजेचा दाब कोसळल्याचा. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक ओढणारी, जाड तारेची. दुसरी धरून ठेवणारी, बारीक तारेची. दांडा पुढे जाऊन मोठे कॉन्टॅक्ट जुळले की ओढणारीच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि तिचं काम थांबतं. मग सगळी जबाबदारी धरणारीवर. त्याच क्षणी मोटर प्रचंड करंट मागते. बॅटरी, केबल किंवा अर्थिंग लेचंपेचं असेल तर दाब इतका उतरतो की धरणारी गुंडाळी दांडा सोडून देते. सोडल्याबरोबर दाब पुन्हा चढतो आणि दांडा पुन्हा ओढला जातो. हा खेळ सेकंदाला कितीतरी वेळा होतो आणि आपण म्हणतो, सोलेनॉइड गेला. सोलेनॉइड बिचारा इमानाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतो.

‘कर्रर्र’ म्हणजे दातावर दात घासतोय. लगेच बटण सोड. दुसऱ्यांदा मारू नकोस.

आणि पाचवा, तू मला ऐकवलास तो. ‘घूंऽऽऽ’ असा मोकळा, उंच, पंख्यासारखा आवाज. मोटर पूर्ण वेगाने फिरतेय आणि इंजिन हललेलंही नाही. या आवाजाने मी तुला वाइंडिंगवाल्याकडे जाण्यापासून अडवलं. वाइंडिंग जळलेली मोटर अशी गात नाही.

तुझ्या जिपवर येतोच, पण त्याआधी अर्थिंगवर थोडं थांबतो. तुझा हा आवाज अर्थिंगचा नाही हे खरं. तरी इंजिन बदललेल्या गाड्यांत मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक तीच आहे, आणि ती माझ्याही हातून झाली आहे.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. रबरातून वीज जात नाही. बॅटरीची काळी केबल चासीला, आणि चासीपासून इंजिनाला एक विणलेली तांब्याची पट्टी. इंजिन उतरवताना ही पट्टी सुटते. नवीन इंजिनावर तिच्यासाठी तयार बोल्ट नसतो, म्हणून ‘नंतर लावू’ म्हणून ती लोंबकळत राहते. कराडला गॅरेज सुरू केल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. पाटण रोडच्या वडापची जिप होती. इंजिन बसवलं, सेल्फ मारला, आधी ‘टक्’ झालं, मग जीव गेल्यासारखा अर्धा फेरा. मी पुन्हा मारला, पुन्हा मारला. तिसऱ्या वेळेस जळक्या रबराचा वास आला. पाहतो तर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं आवरण वितळून खाली गळतंय. सेल्फचा सगळा परतीचा करंट त्या बारीक तारेतून वाट काढत होता, कारण मी त्याला दुसरी वाट ठेवलीच नव्हती. मालकाच्या दोन दिवसांच्या फेऱ्या बुडाल्या. केबल मी पदरचे पैसे घालून बदलून दिली. तेव्हापासून माझा नियम आहे: इंजिन माउंटिंगवर टेकलं की पहिला बोल्ट अर्थिंगच्या पट्टीचा.

हिशेब समजून घे म्हणजे आळस होणार नाही. असं डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ 300 अँपिअरच्या आसपास ओढतो, सुरुवातीच्या झटक्याला त्याहून बरंच जास्त. एखाद्या सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा आहे असं धर. 300 गुणिले 0.01 म्हणजे 3 व्होल्ट त्या एका सांध्यात संपले. बाराच्या गाडीत मोटरला नऊच मिळाले. आणि त्या सांध्यात 900 वॅट उष्णता तयार झाली, कपड्यांच्या इस्त्रीएवढी. ओहमचा शंभरावा भाग साधा मल्टीमीटर ओहमवर ठेवून दाखवूच शकत नाही. तो ‘सांधा चांगला आहे’ म्हणेल. टेस्ट लॅम्पही लख्ख पेटेल, कारण दिव्याला जेमतेम अर्धा-एक अँपिअर लागतो. म्हणून सांधा नेहमी ओझ्याखाली तपासायचा. मीटर व्होल्टवर ठेव. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूला, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, खुंटावरच, लगवर नाही. डिझेल बंद करायची तार ओढून धर म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. मीटरवर 0.2-0.3 व्होल्टपर्यंत आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट आला तर सांधा खोल. दोन-तीन आले तर पट्टीच नाही असं समज. तसंच पॉझिटिव्हचं बघ: बॅटरीच्या खुंटापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टापर्यंत अर्ध्या व्होल्टाच्या आत. आणि सेल्फ चालू असताना बॅटरीच्या दोन खुंटांमध्ये 9.6 च्या वर राहायला हवं. नसेल तर आधी बॅटरी भरून आण, बाकीचं नंतर.

मीटर नसेल तर वस्तादांची युक्ती वापर. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट सेल्फच्या लोखंडी अंगाला चाव. सेल्फ एकदम ताकदीने फिरला की दोष अर्थिंगचा.

तुमच्या चिपळूणला हे दुप्पट महत्त्वाचं. तिथल्या पावसात आणि खाऱ्या दमट हवेत तांब्याला हिरवं चढायला एक पावसाळा पुरतो. शिवाय तू इंजिनाला आणि बेल हाउसिंगला झकास रंग मारलास, फोटो पाठवला होतास. रंग दिसायला सुरेख आहे, पण सेल्फचा परतीचा रस्ता त्याच्या बसण्याच्या तोंडातूनच आहे. सेल्फचं तोंड आणि हाउसिंगचं तोंड, दोन्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा कर. पट्टीच्या बोल्टाखालीही तसंच. दातेरी वायसर घाल, आवळ, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फास. आधी जेली आणि मग आवळणं असं करू नकोस.

आता दातांकडे येतो. हे बघायला कोणी थांबत नाही, आणि इंजिन बदलल्यावर खरी परीक्षा इथेच होते.

आपण त्या पुढच्या दातेरी भागाला सर्रास बेंडिक्स म्हणतो. ते नाव व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाचं. त्याची मूळ रचना वेगळी होती: मोटरचा दांडा झटक्याने फिरला की जड पिनियन जागच्या जागी राहू पाहतं आणि आट्यांवरून पुढे सरकतं. तुझ्या जिपचा मूळचा सेल्फ तसाच होता. म्हणूनच पायाच्या बटणातून थेट जाड केबल त्याला जात होती. त्याला सोलेनॉइड नव्हताच. तुझ्या डीआय इंजिनावर आहे तो दुसऱ्या जातीचा. त्यात सोलेनॉइड एका काट्याने पिनियन आधी फ्लायव्हीलवरच्या दातेरी रिंगमध्ये ढकलतो आणि दात गुंतल्यावरच मोटरला करंट सोडतो. हा फरक डोक्यात ठेव, पुढे लागेल.

पिनियनला नऊ-दहा दात, रिंगला सव्वाशेच्या आसपास. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला पिनियनचे बारा-तेरा फेरे. इंजिन चालू होऊन 800 वर गेलं की पिनियन अडकून राहिल्यास दहा हजारांवर फिरेल आणि आर्मेचरच्या चिंध्या होतील. म्हणून पिनियनमागे एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. तो हाताने तपास: पिनियन एका बाजूला मोकळं फिरलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला दांड्यासकट घट्ट. दोन्हीकडे मोकळं असेल तर तो क्लच गेला, आणि आवाज तुझ्यासारखाच ‘घूंऽऽ’ येईल. उलट दिशेला फिरणारा सेल्फ बसवला तरी हाच आवाज, कारण क्लच त्या दिशेला पकडतच नाही. एक सांगून ठेवतो. हा क्लच डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवून धुवू नकोस. त्याच्या पोटात कायमचं ग्रीस भरलेलं असतं. ते धुऊन निघालं की महिन्याभरात सरकायला लागतो. कोरड्या फडक्याने पूस.

दात मोजायची सवय लाव. रिंगवर खडूने खूण करून एक-एक मोज, कंटाळू नकोस. जुन्या विलिस जिपांत सहा व्होल्टच्या गाडीला 97 दातांचं फ्लायव्हील होतं आणि नंतरच्या बारा व्होल्टच्या गाडीला 129 दातांचं. इंजिन त्याच घराण्याचं, बोल्ट जागच्या जागी बसतात, पण एकाचा सेल्फ दुसऱ्याच्या रिंगवर चालत नाही, कारण दातच लहान-मोठे. एका कंपनीच्या एकाच इंजिनात जर हे होतं, तर दोन वेगळ्या इंजिनांत डोळे झाकून कसं बसवायचं? पिनियन हातात घेऊन रिंगच्या दातात घालून बघ. चपखल बसून अगदी किंचित हललं पाहिजे.

मग अंतर. सेल्फ काढ. हाउसिंगच्या ज्या तोंडावर सेल्फ बसतो, तिथून रिंगच्या जवळच्या कडेपर्यंत व्हर्नियरच्या शेपटीने खोली मोज. मग सेल्फच्या तोंडापासून पिनियनच्या टोकापर्यंत मोज, एकदा पिनियन आत असताना, एकदा ते पूर्ण पुढे ओढून. आत असताना पिनियन आणि रिंग यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. पुढे आल्यावर रिंगच्या जाडीचा निदान दोन तृतीयांश भाग पिनियनने धरला पाहिजे. ही तीन मापं कागदावर लिहिलीस की निम्मे वाद मिटतात. अनेक इंजिनांत ब्लॉक आणि बेल हाउसिंग यांच्यामध्ये पातळ पत्र्याची प्लेट असते. ती फक्त धूळ अडवायला आहे असं समजून लोक फेकून देतात. ती दोन-तीन मिलिमीटर जाडीची असली तर सेल्फचं अख्खं अंतर तेवढ्याने सरकतं. तुझी अ‍ॅडॉप्टर प्लेट तर त्याहून कितीतरी जाड आहे. ती करताना लेथवाल्याने गिअरबॉक्सच्या शाफ्टचं माप घेतलं, हे तू सांगितलंस. सेल्फचं माप घेतलं का, हे मी विचारलं तेव्हा तू गप्प झालास.

डॉवेल पिना विसरू नकोस. हाउसिंगचे बोल्ट फक्त आवळतात. हाउसिंग मध्यावर आणायचं काम डॉवेलचं. डॉवेल नसतील तर हाउसिंग अर्धा मिलिमीटर कुठल्याही बाजूला बसतं आणि पिनियन रिंगला एकतर फार खोल रुततं नाहीतर वरवर लागतं. वस्ताद यासाठी शेंदूर तेलात कालवून पिनियनला लावायचे, सेल्फ बसवून, पिनियन रिंगमध्ये पुढे सरकवून इंजिन हाताने फिरवायचे आणि पुन्हा काढून रिंगवरचा ठसा बघायचे. ठसा दाताच्या मध्यावर, पूर्ण रुंदीत हवा. फक्त टोकावर आला तर सेल्फ लांब आहे, फक्त एका कडेला आला तर तिरका आहे. आज मार्किंगचा निळा रंग मिळतो, तो वापर. पण ठसा घेतल्याशिवाय अ‍ॅडॉप्टरवरचं काम संपलं म्हणू नकोस.

रिंगचे दात सगळीकडे सारखे झिजत नाहीत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनवर येऊन थांबतं, म्हणजे फिरून फिरून त्याच दोन जागी, समोरासमोर. सेल्फ रोज त्याच दातांवर आपटतो. म्हणून एखादी गाडी चारदा लागते आणि पाचव्यांदा ‘कर्रर्र’ करते. अशा वेळी इंजिन पान्याने पाव फेरा फिरवून पुन्हा मार. लागली तर रिंग झिजली आहे हे नक्की. रिंग उतरवून पाव फेरा पुढे बसवली की न झिजलेले दात त्या जागी येतात आणि गरीब माणसाची नवी रिंग वाचते. उलटी मात्र बसवू नकोस. पिनियन ज्या बाजूने शिरतं त्या बाजूच्या दातांच्या कडा उतरत्या केलेल्या असतात. ती बाजू पलीकडे गेली तर पिनियनसमोर चौकोनी भिंत येते. रिंग तापवताना दातांवर गॅसची ज्योत धरायची नाही. आतल्या बाजूने सगळीकडे सारखी तापव. घासलेल्या जागी गवती पिवळा रंग आला, साधारण 220 अंशांना येतो, की ती फ्लायव्हीलवर सहज बसते. निळा रंग दिसला तर दातांचं पाणी उतरलं. ती रिंग बाजूला ठेव.

तुझ्या इंजिनाबाबत मला आणखी एक काळजी आहे. ते भंगारातून आलंय. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी तुमच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कितीतरी बुडालेल्या गाड्यांचे भाग घाटावर विकायला आले. त्यातलं एक इंजिन माझ्याकडेही आलं होतं. बाहेरून धुऊन रंगवलेलं. बेल हाउसिंग उघडलं तर रिंगच्या खालच्या अर्ध्या भागावर गंज, पाण्याची रेष आखल्यासारखी, आणि सेल्फच्या नाकात वाळलेला गाळ. पिनियन पुढे जायचं, पण आट्यांवर अडकून अर्ध्यावर थांबायचं. तुझ्या सेल्फचं नाक काढून आतल्या आट्या बघून घे. स्वच्छ, जवळजवळ कोरड्या हव्यात. तिथे जाड ग्रीस लावलंस तर क्लच प्लेटची काळी भुकटी त्यात बसते आणि घट्ट लापशी होते.

सेल्फच्या अंगावरची पाटीही वाच. 24 व्होल्टचा सेल्फ भंगारात 12 च्या शेजारीच पडलेला असतो. तुझा बाराचा आहे, कारण फरशीवर बाराच्या बॅटरीने तो जोमात फिरला.

आता तुझी जिप. मोकळा ‘घूंऽऽ’. याची कारणं मी मोजतो: पिनियन बाहेर येतच नाही, येतं पण रिंगपर्यंत पोचत नाही, पोचतं पण क्लच सरकतो, किंवा रिंगच फ्लायव्हीलवर सैल होऊन एकटी फिरते. ओळखायला काही खोलावं लागत नाही. हाउसिंगच्या खालचं झाकण काढ, टॉर्चचा उजेड टाक, आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांग. पिनियन दिसलं का? रिंग हलली का? समोरची क्रँक पुली हलली का? रिंग फिरली आणि पुली नाही, तर रिंग सैल. पिनियन गुंतलं आणि रिंग थांबलेली, तर क्लच. बोटं लांब ठेव, शर्टाची बाही दुमडून घे, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड.

पण मला वाटतं, तुला पिनियन मुळी दिसणारच नाही. काल तू पायाचं बटण दाबलंस आणि आवाज आला, त्याआधी ‘टक्’ झालं नाही. मी कान देऊन ऐकत होतो. फरशीवर तू सोलेनॉइडच्या बारीक टोकाला वायर टेकवली होतीस, तेव्हा ‘टक्’ करून मग फिरला होता. गाडीवर तू पायाच्या बटणाची जुनी जाड केबल, ती मूळची जशी सेल्फला जात होती तशीच, आणून जोडली आहेस. या सेल्फला मागे दोन मोठे बोल्ट आहेत. एकाला बॅटरीची केबल लावायची असते, तिथे 30 आकडा असतो. दुसऱ्यातून तांब्याची पट्टी मोटरच्या पोटात जाते. बाजूला बारीक टोक, 50 नंबरचं. माझा अंदाज आहे की केबल पट्टीच्या बोल्टावर बसली आहे. मग करंट सोलेनॉइडला वगळून थेट मोटरला मिळतो. मोटर फिरते, काटा जागचा हलत नाही, पिनियन आतच राहतं. जुन्या बेंडिक्सच्या जिपेत हीच जोडणी बरोबर होती, म्हणून तुझा हात आपसूक तिकडे गेला असणार.

तसं निघालं तर असं कर. बॅटरीचं निगेटिव्ह काढ. बॅटरीपासून थेट 30 च्या बोल्टावर नवीन केबल ओढ, 50 चौरस मिलिमीटर तांब्याची, लग दाबून आणि वर डाक देऊन. पट्टीच्या बोल्टावर पट्टीशिवाय काहीही नको. पायाच्या बटणातून आता फक्त 50 ला जाणारी वायर ने, आणि मध्ये रिले घाल, कारण ओढताना सोलेनॉइड क्षणभर तीस-चाळीस अँपिअर घेऊ शकतो आणि त्या वायरीत दाब पडला की काटा अर्ध्या मनाने ढकलला जातो. सेल्फ चालू असताना 50 वरचा दाब बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असता कामा नये. 30 ची केबल आता सदा जिवंत राहणार आहे, तेव्हा ती चासीच्या कडेला जिथे घासेल तिथे रबराची नळी चढव आणि बोल्टावर टोपी घाल.

पिनियन बाहेर येऊ लागलं की लगेच जोर लावून सेल्फ मारत सुटू नकोस. आधी वरची तीन मापं घे, ठसा घे. तोवर ते दात एकमेकांना भेटलेलेच नाहीत. पहिली भेट हाताने घडव. त्यानंतर मारशील तेव्हा एका वेळी दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती.

जिपच्या मालकाला आरटीओचं मी मागेच विचारायला सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. पेट्रोलचं डिझेल आणि इंजिन नंबर वेगळा, याची परवानगी आणि आरसीवर नोंद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर सोडू नकोस, तो कितीही घाई करो. घाटात काही झालं तर विम्याचा माणूस इंजिन नंबर पहिल्यांदा बघतो.

सकाळी दुकान उघडलंस की काही सोडण्याआधी सेल्फच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, तिन्ही टोकं दिसतील असा. केबल बदललीस की फोन कर, आणि काल धरला होतास तसाच बॉनेटखाली धर. मला आधी ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे.